कुंभकर्णाचं पांघरूण

आधीच सांगते, मी जपानी शिकले ती काही कलेच्या ओढीने नाही. अंधेरीला एका कारखान्यात जपानी साहेब यंत्रं बसवायला यायचे. त्यांच्या आणि आपल्या फिटर लोकांच्या मध्ये उभं राहून इकडचं तिकडे पोचवायला माणूस हवा होता. ते काम मी केस पांढरे होईपर्यंत केलं. बोल्ट, व्हॉल्व्ह, गळती, उशीर आणि माफी, एवढ्या शब्दांवर माझा संसार झाला. निवृत्त झाले आणि एका संग्रहालयातून फोन आला, की जुन्या जपानी छापचित्रांचं प्रदर्शन येतंय, त्याचे मराठी फलक लिहून द्याल का. म्हटलं, देते. घरात बसून नवऱ्याच्या चहाच्या वेळा सांभाळण्यापेक्षा ते बरं.

ती चित्रं मग माझ्या डोक्यातच शिरली. लाकडी ठशांवरून छापायची, रस्त्यात विकायची, कोणीही घ्यावीत इतकी स्वस्त. पण तिथे राज्यकर्त्यांवर चित्र काढायला बंदी. चालू घडामोडींवर एक रेघ ओढायची नाही. प्रत्येक चित्र आधी तपासणाऱ्याला दाखवायचं, त्याने मंजुरीचा शिक्का द्यायचा आणि तो शिक्काही चित्रातच कोपऱ्यात छापायचा. मग हे लोक काय करायचे, तर शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट काढायचे. एका चित्रात जुन्या काळचा एक सरदार आजारी पडून झोपलाय, त्याचे पहारेकरी पट मांडून खेळत बसलेत आणि मागच्या अंधारातून भुतांची फौज येतेय. सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट. फक्त एका पहारेकऱ्याच्या अंगरख्यावर पाण्यातल्या एका रोपाचं पान होतं, आणि ते पान म्हणजे तेव्हाच्या बड्या मंत्र्याच्या घराण्याची खूण. झालं. एवढ्या एका पानावरून अख्ख्या शहराने ओळखलं की झोपलाय तो आपला राज्यकर्ता, आणि भुतं म्हणजे त्या मंत्र्याच्या नव्या कायद्यांनी ज्यांच्या पोटावर पाय आला ती माणसं. लोक एकेका भुताचा अर्थ लावत बसले. इतका गवगवा झाला की छापणाऱ्याने घाबरून चित्रं परत मागवली आणि ठसे नष्ट करून टाकले.

संग्रहालयाने दिलेल्या माहितीत खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होतं. त्यातलं किती चित्रकाराच्या मनात होतं आणि किती बघणाऱ्यांनी घातलं, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही, असं. ते मी फलकात घेतलं नाही, कारण फलकावर जागा नव्हती.

आता दादाबद्दल. दादा माझा मोठा भाऊ. आमचे वडील कोकणातून गिरणीत आले, गिरणी गेल्यावर आम्ही परळ सोडून बोरिवलीला आलो, त्यात दादाचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. नाटकांचे पडदे रंगवायचा तो. राजवाडा, जंगल, देवघर, समुद्र, सांगाल ते. पुढे नाटकवाल्यांना पडदे नको झाले, चार खोके आणि एक लाइट टाकला की त्यांचं भागायला लागलं. दादा बेकार झाला आणि माझ्याकडे आला. माझं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर, नवरा, सासूबाई आणि आमच्या लेकीची दहावी. दादा दिवसभर गच्चीत बसून राहायचा आणि जेवायला बोलवेपर्यंत खाली यायचा नाही. ते मला बघवायचं नाही.

त्या वेळी आमच्या सोसायटीच्या चेअरमननीच मार्ग काढला, हे खोटं कशाला बोलू. तळमजल्यावर मीटरच्या खोलीला लागून एक खोली होती, पूर्वी वॉचमन राहायचा. चेअरमन म्हणाले, "दादा राहू देत तिथे. पंप बघतील, बोर्ड रंगवतील. कोण काय म्हणतंय ते मी बघतो." बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, शब्दाला पक्का. दादा तिथे राहिला. खोलीत एक खाट, स्टोव्ह आणि छतापर्यंत पडद्यांची गाठोडी. संध्याकाळी मी डबा घेऊन खाली जायची, तो खाटेवर मांडी घालून जेवायचा आणि मालवणीत अख्ख्या सोसायटीच्या नकला करायचा. कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून नकला सगळ्या चालण्याच्या आणि हातवाऱ्यांच्या. कधी नव्हे तो सुखात होता.

मग बिल्डर आला. इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि सगळ्यांच्या अंगात आलं. कोणाला किती फूट, कोणाला कुठला मजला, जिन्यात दुसरं बोलणं नाही. मला धास्ती होती ती दादाच्या खोलीची. ती खोली मंजूर नकाशात कुठेच नव्हती. कागदावर दादा त्या इमारतीत राहतच नव्हता. मी चेअरमनना गाठलं, तर ते म्हणाले, "ताई, नव्या इमारतीत ऑफिसच्या मागे एक लहान खोली काढायला सांगतोय मी बिल्डरला. दादांची काळजी माझ्यावर सोडा." मी सोडली. सगळं त्या एका माणसाच्या शब्दावर होतं, आणि मला तो शब्द पुरेसा वाटला.

जुन्या इमारतीतला तो शेवटचा गणपती. सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा, आणि देखावा दरवर्षी दादाचा. त्या वर्षी त्याने कुंभकर्ण केला. आडवा पसरलेला कुंभकर्ण, पोटात पंख्याची मोटर बसवून पोट वर-खाली होणारं, आणि त्याला उठवायला आलेले राक्षस. कोणी ढोल बडवतोय, कोणी कानात ओरडतोय, कोणी खाऊ नाकाशी धरलाय. घोरण्याचा आवाज माझ्या नवऱ्याचा. मीच दुपारी मोबाइलवर रेकॉर्ड करून दिला होता. कल्पना कमिटीपुढे ठेवली तेव्हा चेअरमन स्वतः म्हणाले होते, "कुंभकर्ण चालेल. पोरं खूश होतील." म्हणजे मंजुरीचा शिक्कासुद्धा होता म्हणा ना.

पोरं खरंच खूश झाली. मोठी माणसं मात्र नेहमीसारखी, हात जोडायचे, पोट हलताना एकदा बघायचे आणि प्रसादाकडे वळायचे. दादाचा देखावा म्हणजे असायचाच तो तिथे, मांडवाच्या बांबूसारखा.

आणि मग माझा कार्यक्रम. दुसऱ्या संध्याकाळी अंताक्षरी आणि फॅन्सी ड्रेसच्या मध्ये वेळ उरत होता. कल्चरल कमिटीतली एक जण म्हणाली, "काकू, तुम्ही ते जपानचं काहीतरी करताय ना, दाखवा ना थोडं." त्यांना वाटलं डोंगर आणि फुलं असतील. देखाव्याच्या शेजारीच चादर बांधली, प्रोजेक्टर लावला, आणि मी बोलायला लागले. बोलायचं म्हणजे मला थांबता येत नाही, आयुष्यभर दुसऱ्याचंच बोलणं बोलले मी.

आधी मासे दाखवले. जमिनीखाली एक प्रचंड मासा असतो आणि तो हलला की भूकंप होतो, अशी तिकडची समजूत. भूकंपात शहर कोसळलं, आणि मग चित्रं आली. बांधकामं निघाली म्हणून सुतार आणि गवंडी त्या माशाला मेजवानी देतायत, आणि शेठ लोक पोटातलं सोनं ओकतायत. मागून कोणीतरी ओरडलं, "बिल्डर!" आणि मांडव हसून लोळायला लागला. मला चेव आला. मग मी तो झोपलेला सरदार दाखवला. अंगरख्यावरचं पान मोठं करून दाखवलं. म्हटलं, हे असं बघायचं. गोष्ट कुठली आहे ते सोडा, कापडावर काय आहे ते बघा, हातात काय आहे ते बघा, किती जण आहेत ते बघा. चित्रकाराला धरलं तर तो म्हणणार, मी आपली जुनी गोष्ट काढली. झकास टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत शेजारून माझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू आलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने मान वळवून कुंभकर्णाकडे बघितलं. तिच्या शेजारणीने बघितलं. मग सगळ्यांनी.

"अरे," कोणीतरी म्हणालं, "पांघरूण बघा."

कुंभकर्णाच्या अंगावर सोसायटीच्या ऑफिसचा पडदा होता. मातकट रंगाचा, पांढऱ्या चौकड्यांचा. ऑफिसला नवे पडदे आले तेव्हा जुना दादाला मिळाला होता. त्या पडद्याशेजारी खुर्चीत बसून कमिटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन डुलक्या काढायचे, हे कोणाला माहीत नव्हतं? मग बाकीचं काय, माळेतला एक मणी ओढला की सगळी माळ हातात. खाऊ घेऊन उभ्या राक्षसाच्या हातातलं भांडं, सोनेरी रंग दिलेला असला तरी झाकणावरून कळत होतं, बिल्डरने दिवाळीला घरोघरी वाटलेला कॅसरोल. राक्षस तेवढेच, जेवढे कमिटीचे मेंबर. आणि कुंभकर्ण झोपतो किती? सहा महिने. बिल्डर दर मीटिंगला काय सांगतो? सहा महिन्यांत काम सुरू.

मी हसले, का नाही हसणार. मला वाटलं, योगायोग आहे, गंमत आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायट्यांतून माणसं यायला लागली. फोटो फिरले. मजकूर काय, तर "ओळखा पाहू कोण." लोक दादाच्या पाठीवर थाप मारत होते, "मानलं दादा, काय टोला हाणलात." दादाला आरतीच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. कोणी पुढे येऊन बोललं की तो हसतो. तो हसला. विसर्जनापर्यंत हसत उभा होता, नवा सदरा घालून, आणि मी लांबून बघत होते की आजवर ह्या माणसाशी एवढं कोणी बोललं नव्हतं.

चेअरमन विसर्जनाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आले, एकटे. पाणी दिलं, घेतलं नाही.

"ताई, मी गोळ्या खातो," ते म्हणाले. "ही गेल्यापासून मला झोप लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्यांची गुंगी दिवसा येते. मीटिंगमध्ये मी झोपतो, मला कळतं. मी सगळ्यांसमोर तोंड वासून झोपतो आणि जागा होतो तेव्हा लोक दुसरीकडे बघत असतात. त्याचा तुम्ही देखावा केलात."

मी म्हटलं, "अहो, असं काही नाही हो. दादाला सुचणारसुद्धा नाही. त्याला जो कपडा मिळाला तो त्याने घातला."

"तुमच्या भावाला मी जागा दिली होती," ते म्हणाले आणि उठले. आवाज चढवला असता तर मी भांडले असते. भांडायला मला वेळ लागत नाही. पण ते चप्पल घालताना भिंतीला हात टेकून उभे होते, आणि मी पुढे होऊन दार उघडून धरलं.

पुढच्या सभेत ऑफिसमागच्या खोलीचा विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, नकाशात नसलेल्या माणसाला खोली कुठल्या नियमात बसते. चेअरमन गप्प बसून राहिले, जागे. मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, घोरणं माझ्या नवऱ्याचं आहे, हवं तर घरी येऊन ऐका. कॅसरोल घरोघरी आहे. राक्षस तेवढे केले कारण मांडवात तेवढेच मावले. आणि गोष्ट कोणाची? वाल्मीकीची. रामायणात कुंभकर्ण झोपतो हो, त्याला माझा भाऊ काय करणार?

तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, धरलं की चित्रकार हेच म्हणतो. मी आपली जुनी गोष्ट काढली."

लोक हसले. दुष्टपणाने नाही, त्यांना आपलं आठवलं म्हणून हसले. मी खाली बसले. आयुष्यभर दोन भाषांमध्ये उभी राहिले मी, साहेब भडकलेला असला तरी फिटरपर्यंत ते नीट शब्दांत पोचवलं. चित्रात अर्थ आहे हे दाखवायला मला दहा मिनिटं लागली होती. चित्रात काही नाही हे कसं दाखवतात, ते मला आजही माहीत नाही. नसलेली गोष्ट बोटाने कुठे दाखवणार? खोली रद्द झाली.

इमारत रिकामी झाली तशी आम्ही जवळच भाड्याने गेलो, पुन्हा एक खोली-स्वयंपाकघर. दादा म्हणाला, तुझ्याकडे गच्चीपण नाय आता. नाटकातल्या ओळखीच्या एकाचा गोराईला बंगला होता, तो कुलूप घालूनच असायचा, त्याच्या मागे एक खोली. झाडांना पाणी घालायचं आणि राहायचं. गाठोडी नेता येण्यासारखी नव्हती. राजवाडे आणि समुद्र भंगारवाल्याने वजनावर नेले. एक कोरं कापडाचं ठाण तेवढं दादाने काखेत धरलं.

त्याला सोडायला मी खाडीपलीकडे गेले. होडीत आम्ही शेजारी बसलो. आणि गेले कित्येक दिवस मनात असलेलं मी बोलले. कारण मला एक गोष्ट खटकत होती. दादाच्या खोलीत छतापर्यंत कापड होतं. मखमली, सॅटीन, जरीचं. कुंभकर्णाला राजाचं पांघरूण घालता आलं असतं. मग त्या सगळ्यातून ऑफिसचा पडदाच का?

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "दादा, खरंच काही नव्हतं ना रे तुझ्या मनात?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. तिकडेच बघत म्हणाला, "तुका काय दिसला?"

मला काय दिसलं, हे मी त्याला सांगितलं नाही. पलीकडचा किनारा आला. उतरताना फळी हलली, त्याचा तोल गेला, मी दंड धरला. पुन्हा आमचं त्यावर बोलणं झालं नाही.

गोराईची खोली ओलसर आहे. दादाच्या कमरेचं हाड दुखतं. फोनवर त्याला ऐकू येत नाही, म्हणून फोन म्हणजे मी ओरडणार आणि तो "होय, होय" म्हणणार. त्याला बघायला जायचं तर होडी, येताना पुन्हा होडी, आणि मलाही आता गुडघे आहेत. एक दिवस गेले तर तो बाहेर पायरीवर बसला होता, समोर काहीच नव्हतं, झाडं सगळी बंगल्याच्या पुढे, इथून रस्ताही दिसत नव्हता, नुसतं कुंपण, आणि तो त्याच्याकडे बघत होता. मी शेजारी बसले. म्हणाला, "हयसर नकला कोणाच्यो करू?"

वर्षाने कळलं, की बिल्डर नकाशा थोडा बदलून पुन्हा मंजुरीला देतोय. ऑफिसची जागा अजून पक्की नव्हती. म्हणजे अजून एक दार किलकिलं होतं. चेअरमन आता आणखी जड औषधांवर होते, बाहेर कमी पडायचे, पण सही त्यांचीच चालायची. मी नाक मुठीत धरून फोन केला. म्हटलं, ह्या वर्षी आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती आणतोय, दर्शनाला याल का.  ते म्हणाले, "येईन. गणपतीला नाही म्हणू नये." खोलीबद्दल मी बोलले नाही आणि ते बोलले नाहीत. पण फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "दादा बरे आहेत ना?" तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

दादाला मी बजावलं. समोर बसून, ओठ दिसतील असं. आरास तू कर, पण काहीही काढायचं नाही. राजा नाही, राक्षस नाही, प्राणी नाही, माणूस नाही. झाड काढलंस तर कोणी म्हणेल हे तोडलेलं झाड. डोंगर काढलास तर म्हणतील पाडलेल्या इमारतीचं डेब्रिज. काही म्हणजे काही नको. तो बोटांनी दाढी खाजवत ऐकत होता. म्हणाला, "मगे रवला काय?" मी म्हटलं, "कापड लाव नुसतं. स्वच्छ कापड."

त्याने तेच केलं. आदल्या दिवशी होडीने आला, काखेत ते कोरं ठाण. भिंतीभर पांढरं कापड ताणून लावलं. एक सुरकुती नाही. खिळे दिसू नयेत म्हणून कडा आत वळवल्या. पडदा लावावा तर दादाने. पुढे पाटावर गणपती, दोन समया, बाकी काही नाही. मी लांबून बघितलं आणि मला हायसं वाटलं. बोट ठेवायला जागा नव्हती.

पाहुणे आले, तसे बोलायला लागलेच. एक जण म्हणाली, सिंपल आहे, छान. एक म्हणाला, हिमालय का? कोणी हळूच विचारलं, काम राहिलंय का. माझ्या लेकीने फोटो काढून पाठवला तर मैत्रिणीने विचारलं, घरात काही झालंय का गं. मी सगळ्यांना मोदक देत राहिले.

चेअरमन दुपारी आले. हातात काठी. फुलं वाहिली, हात जोडले, डोळे मिटून उभे राहिले. मी दादाला खूण केली, तो पुढे आला. मग चेअरमननी डोळे उघडले आणि गणपतीच्या मागे बघितलं. बघत राहिले. त्यांची नजर कापडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली, वर गेली, खाली आली. मला ती नजर ओळखीची होती. तशी नजर ठेवून कसं बघायचं, ते मीच त्या मांडवात शिकवलं होतं.

"कोरं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो, ह्या वर्षी साधंच ठेवलंय."

"चेअरमन येणार म्हणून काही काढू दिलं नाही. तोंड दाबलं आमचं. असंच ना?" त्यांनी दादाकडे बघितलं. "कळलं मला, दादा. मागच्या वेळेपेक्षा चांगलं जमलंय."

मी म्हणायला गेले, नाही हो, आणि तिथेच अडकले. कारण ते खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं होतं. ते येणार म्हणूनच मी काही काढू दिलं नव्हतं.

दादाला समोरचा माणूस बोलतोय एवढंच दिसत होतं. तो हसला.

चेअरमननी मोदक घेतला, रुमालात बांधला, काठी उचलली आणि गेले. जिन्यात त्यांना धरायला मी मागोमाग गेले तर त्यांनी हात वर करून नको म्हटलं. काठीचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

आत आले तर दादा वाट बघत होता. "काय म्हणाले?"

मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "चांगलं जमलंय म्हणाले."

"मगे? पांढऱ्यात काय दिसतला कोणाक?" तो खूश झाला. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "खोलयेचा काय बोलले?"

"बघू म्हणाले."

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. दादाने कापड उतरवलं, झटकलं, घडी करून मला दिलं. म्हणाला, ठेव तुझ्याकडे, तिकडे ओल लागता. मग रिक्षात बसून तो जेटीवर गेला, होडी चुकायला नको म्हणून घाईघाईने, मागे न बघता.

नवरा झोपला होता, घोरत होता. मी घडी उलगडली. कापड खिडकीशी नेलं आणि उजेडात धरलं, आधी एका बाजूने, मग उलटं करून. बोटांनी कडा चाचपल्या. आत वळवलेली शिवण उसवून तीसुद्धा बघितली. कुठे काही नव्हतं, पेन्सिलीची एक रेघसुद्धा नाही. तरी मी ते उजेडात धरून तशीच उभी राहिले.